सहाशे चाळीसमध्ये न मावलेला शेरा

कंपनीच्या रौप्यमहोत्सवाची पुस्तिका परवा माझ्या हातात पडली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर गणपती आणि तिसऱ्या पानावर टिपणीस साहेब. साहेब एका कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहेत, जसं काही त्यांनीच त्याला जन्म दिलाय. खाली छापलंय, 'आमच्या संगणकीकरणाचे शिल्पकार'. पुस्तिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. हंसा तामोरेचं नाव कुठेही नाही. महादूचं तर नाहीच नाही. शिल्पकार म्हणे! माझ्या तोंडात जे शब्द आले ते इथे लिहिता येत नाहीत, म्हणून लिहिता येण्यासारखं जे आहे ते लिहायला बसले.

मी पुष्पलता सावे, केळव्याची. तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होते. बाहेरचा फोन माझ्या हातून आत जायचा आणि आतला माझ्या हातून बाहेर. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. खरं आहे. आमच्या वाडीतल्या मिरच्यांचाही तसा लौकिक आहे.

हंसा एडवणची. बाप रामू तामोरे होडीवर, आई येसूबाई सुकी मासळी घेऊन बाजार करायची. घरात शिकलेलं कोणी नव्हतं, पण ही पालघरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली, टायपिंग शिकली आणि नव्वद साली आमच्याकडे टायपिस्ट म्हणून लागली. बोईसरला एका खोलीत भाड्याने राहायची. अंगाने बारीक, आवाज हळू, पण हट्टी अशी की एकदा नाही म्हणाली तर ब्रह्मदेव आला तरी नाही. डब्यात बोंबलाची चटणी असली की ऑफिसातल्या बायका नाकाला पदर लावायच्या. मी तिच्या शेजारी बसून तोच डबा खायचे, आणि मुद्दाम बोटं चाटायचे.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायचा नियम. जुन्या कारकुनांना वाटलं, हा डबा आपल्या पोटावर पाय देणार, म्हणून कोणी त्याच्याजवळ जाईना. हंसा गेली. बोईसरच्या एका क्लासमध्ये शिकून आली आणि तीन महिन्यांत पाळ्यांचा तक्ता त्यावर काढायला लागली. कोणता कामगार कोणत्या पाळीला, कोणत्या विभागात, हे आमच्याकडे दर पंधरवड्याला बदलायचं. तो तक्ता गेटवर चिकटवला जायचा आणि मुकादम त्यावरून नावं पुकारायचा.

त्याआधी हे काम तात्या करायचे. तात्या म्हणजे आमचे टाइमकीपर. लांबलचक मस्टर, हातात बोरू असल्यासारखं धरलेलं पेन आणि मस्टरच्या शेवटी एक रकाना, शेऱ्याचा. त्या रकान्यात अख्ख्या कारखान्याचं सुखदुःख असायचं. 'डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, प्रेसवर नको.' 'बायको बाळंत, रात्रपाळी नको.' 'चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला जाणारच, अडवू नये.' 'तोंडाळ आहे, दुसऱ्या तोंडाळाबरोबर लावू नये.' तात्या निवृत्त झाले तेव्हा हंसाने तो रकाना जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये भरला. एक शब्दही गाळला नाही.

त्यात एक शेरा महादूचा होता. 'क्लोरीनमध्ये कधीही नको.'

महादूही एडवणचाच. घरची होडी भावांच्या वाटणीत गेली, तेव्हा बायको जमनाला घेऊन कुंभवलीत खोली करून राहिला आणि आमच्याकडे लागला. तात्या निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी क्लोरीनच्या विभागात झडप फुटली, तेव्हा तो आत होता. महिनाभर दवाखान्यात काढला. डॉक्टरांनी सांगितलं, याची फुप्फुसं अर्धी करपलीत, यापुढे क्लोरीनचा वाससुद्धा याला लागता कामा नये. तेव्हापासून तो मागच्या अंगणात ड्रम धुवायचा. जाता-येता माझ्या खिडकीशी थांबून दम खायचा आणि हसत म्हणायचा, "ताई, लाईन लागत नाय." आपल्या श्वासाबद्दल बोलायचा. हंसाला तो 'बाय' म्हणायचा, ती त्याला 'दादा'. गावाचं नातं.

आता त्या मेमरीचं.

कामगार वाढले तसा कॉम्प्युटर अडायला लागला. सगळ्यांची नावं, पत्ते, पाळ्या, शेरे एकदम पोटात घेऊन मग तक्ता जुळवायचा, असा तो प्रोग्राम होता. अर्ध्यात आला की थांबायचा आणि पडद्यावर लिहायचा, मेमरी अपुरी आहे. हंसा पुन्हा सुरू करायची, पुन्हा थांबायचा. तिने टिपणीस साहेबांना सांगितलं. साहेब आमचे मॅनेजर. त्यांनी खुर्चीत मागे रेलून सांगितलं, "कमी पडतेय ना? मग वाढवू. त्यात काय!"

मुंबईच्या हेड ऑफिसकडून मंजुरी आणली. विक्रेत्याचा माणूस आला, त्याने झाकण उघडून आत पट्ट्या बसवल्या. एक होतं त्याचं चार एमबी झालं. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर आकडे पळायला लागायचे आणि चार हजार शहाण्णव केबीवर, म्हणजे चार एमबीवर, जाऊन थांबायचे. साहेबांना ते आकडे बघायचं वेड लागलं. आल्या-गेल्याला खोलीत नेऊन मशीन बंद करायचे, चालू करायचे आणि आकडे पळताना दाखवायचे. कँटीनच्या कंत्राटदारालासुद्धा दाखवले. त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, मॉनिटरला हळदकुंकू लागलं. तारापुरात एवढी मेमरी कोणाकडे नाही, असं साहेब प्रत्येकाला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी हंसाने तक्ता काढायला घेतला. मशीन अर्ध्यात थांबलं. मेमरी अपुरी आहे.

तिथून तिचे वाईट दिवस सुरू झाले. साहेब रोज तिच्या डोक्यावर उभे. तुला चालवता येत नाही, तू चुकीचं बटण दाबतेस, तुझं शिक्षण कमी पडतंय. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "हा मासळीबाजार नाही. इथे डोकं लागतं." ऑफिसात काही जण हसलेसुद्धा. हसणाऱ्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. हंसा मशीन पुन्हा सुरू करायला वळली. दुपारी डबा खाताना एवढंच म्हणाली, "पुष्पाताई, बाजारात डोकं लागत नाय असं कोनी सांगितलं ह्यांना? एक दिवस बसा म्हनावं माझ्या आयशीच्या जागेवर."

आणि मग तो फोन. विक्रेत्याला मुंबईला लाईन लावून द्या, असं साहेबांनी मला सांगितलं. मी लावून दिली. बोर्डावर बसणाऱ्या बाईने लाईन जोडली की कानावरचं फोनचं यंत्र काढून ठेवायचं असतं. मी ठेवलं नाही. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा. मी ऐकलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ऐकेन.

साहेब ओरडत होते, चार एमबी घातली तरी मशीन अडतंच कसं? पलीकडचा माणूस शांतपणे सांगत होता, "साहेब, मेमरी आहे हो मशीनमध्ये. पण तुमचं मशीन डॉस नावाच्या मूळ प्रोग्रामवर चालतं. प्रोग्रामला वापरायला डॉस सहाशे चाळीस केबीच देतो, त्यातही थोडी स्वतःला ठेवतो. वरची मेमरी तुमच्या प्रोग्रामला दिसतच नाही. ती वापरायची तर प्रोग्राम नव्याने लिहून घ्यावा लागेल."

"मग विकताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मेमरी मागितलीत. आम्ही मेमरी दिली."

बघा, कसं उत्तर आहे! मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण हे कळलं. आमच्या केळव्याला वाडीत चार विहिरी असल्या आणि रहाट एकाच विहिरीवर असला, तर बाकीच्या तिन्ही तुडुंब भरल्या तरी पाटाला पाणी त्या एकीचंच येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात भरपूर होतं, पोहराच तिथवर पोचत नव्हता. आणि पडद्यावर पळत होते ते आकडे सगळ्या विहिरींचे मिळून. खोटे नव्हते, पण उपयोगाचेही नव्हते. त्या आकड्यांवर साहेबांनी पेढे वाटले होते.

मी धावत जाऊन हंसाला सांगितलं. तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हंजे माझी चूक नाय," म्हणाली. एवढ्यातच तिला समाधान. मी म्हटलं, बये, आता साहेब हेड ऑफिसला कळवतील, प्रोग्राम नवा होईल, तुझी सुटका होईल. मीही वेडीच. हेड ऑफिसला कळवायचं म्हणजे आपण नीट चौकशी न करता खर्च केला, नारळ फोडला, आणि सगळं पाण्यात गेलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. एवढं मोठं तोंड साहेबांना देवाने दिलं नव्हतं.

त्यांनी दुसरी वाट काढली. हंसाला बोलावून म्हणाले, "तो शेऱ्याचा रकाना काढून टाक. फालतू मजकूर जागा खातोय."

"साहेब, तो नाय काढनार," हंसा म्हणाली. "पत्ते काढा, जन्मतारखा काढा, बापाचं नाव काढा. शेरा ऱ्हाऊ द्या. त्याच्यात मानसं हायत."

पत्ते आणि जन्मतारखा हेड ऑफिसच्या अहवालात जात होत्या. शेरे कोणी मागत नव्हतं. साहेब म्हणाले, "बघू," आणि हंसाला वाटलं विषय संपला.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा आली. आमच्याकडे त्या सणाला मोठी उलथापालथ असते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा किनाऱ्याचे कितीतरी गडी कंत्राटावर कारखान्यात येतात. नारळ समुद्राला दिला की होड्या निघतात आणि हे गडी कारखाना सोडून समुद्रावर जातात. मग सगळा तक्ता नव्याने बांधायचा. क्लोरीनच्या विभागात तर बहुतेक तेच गडी होते, तो विभाग एका दिवसात रिकामा व्हायचा. तात्या दर वर्षी या आठवड्यात जेवायला घरी जात नसत. कोणाला कुठे घालायचं नाही, हे पुन्हा पुन्हा तपासत बसायचे.

हंसा सणाला एडवणला गेली. साहेबांनीच रजा दिली, एवढं गोड बोलून की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्या दिवशी विक्रेत्याचा माणूस मुंबईहून आला, कॉम्प्युटरच्या खोलीत बसला आणि शेऱ्याचा रकाना काढून टाकून गेला. मशीन एकदाही न अडता धडाधड चाललं. स्वच्छ, सरळ तक्ता बाहेर आला. साहेबांनी तो स्वतः उभं राहून गेटवर चिकटवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतू मुकादमाने नावं पुकारली. चिंतू नवीन, कंत्राटदाराबरोबर आलेला. महादूचं नाव क्लोरीनला होतं. शेजारचा एक जण चिंतूला म्हणाला की अरे, याला तिथे पाठवत नाहीत. चिंतू म्हणाला, "कॉम्प्युटरनं लावलाय. मी कोन बदलनार?" तात्यांच्या हातच्या तक्त्याशी लोक भांडायचे, खाडाखोड करून घ्यायचे. छापील कागदाशी कोणी भांडेना.

आणि महादू गेला. तोंडातून शब्द न काढता आत गेला.

त्या सकाळी गॅस फारसा सुटलाच नव्हता. रोज थोडा जसा सुटतो तेवढाच. बाकीच्यांनी ओलं फडकं नाकाला लावलं, बाहेर येऊन थुंकले आणि परत कामाला लागले. महादू दारातच पडला. अँब्युलन्ससाठी फोन माझ्याच बोर्डावरून गेला. त्याच वेळी हंसा सफाळ्याहून शटल गाडीने बोईसरला येऊन रिक्षाने गेटशी उतरली होती. हातात येसूबाईने दिलेल्या नारळीभाताचा डबा. तिने तक्ता वाचला आणि डबा तिथेच टाकून आत धावली. मी खिडकीतून बघत होते. एवढी धावताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिला पोचायला उशीर झाला होता.

बोईसरच्या एका लहान दवाखान्यात महादूला ठेवलं. तिथे मी त्याला विचारलं, अरे बाबा, तुला माहीत होतं ना? मग नाही का म्हणाला नाहीस? त्याला बोलायला वेळ लागत होता. म्हणाला, "ताई, नारळाच्या दुसऱ्या दिशी तांडेलानं नाव घेतलं तर नाय म्हनत नाय आमी. ताप असला तरी होडीत बसतो. पयल्याच दिशी नाय म्हटलं तर सगल्या वर्साला नाट लागतो." तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, कारखान्यात कसला आलाय तांडेल! पण पिढ्यान् पिढ्या अंगात मुरलेली गोष्ट, गेटच्या आत आला म्हणून माणूस ती बाहेर सोडून येतो का? मग थांबून म्हणाला, "आनि तक्ता बाय करते. बायनं लिवलंय म्हंजे इचार करून लिवलं आसल."

हंसा त्याच्या पायाशी उभी होती. तिने ते ऐकलं.

दोन दिवसांनी हेड ऑफिसचा माणूस चौकशीला आला. टिपणीस साहेबांनी सांगितलं, ऑपरेटरच्या हातून रकाना पुसला गेला. सणाच्या गडबडीत होती, झाली चूक. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात, ते मी त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकलं.

हंसा म्हणाली, "रकाना मी नाय काढला. मी गावाला व्हते. मेमरीत मावत नव्हता म्हनून साहेबांनी काढायला लावला."

हेड ऑफिसच्या माणसाने मशीन चालू करायला सांगितलं. आकडे पळाले आणि चार हजार शहाण्णववर थांबले. तो माणूस त्या आकड्यांकडे बघून म्हणाला, "एवढी मेमरी असताना एक रकाना मावत नाही? कोणाला सांगतेस?" हंसाने समजावायचा प्रयत्न केला, डॉस, सहाशे चाळीस, वरचं दिसत नाही. जेवढं बोलली तेवढी खोटी वाटत गेली. समोर पडद्यावर आकडा लखलखीत उभा होता, आणि ती एक कोळ्याची पोर.

मला राहवलं नाही. बोर्ड सोडला आणि दार ढकलून आत गेले. फोनवर जे ऐकलं होतं ते शब्दन् शब्द सांगितलं. विक्रेत्याला आत्ता फोन लावून विचारा, म्हटलं.  मला वाटलं, आता सुटलो. हेड ऑफिसचा माणूस माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही साहेबांचे फोन ऐकता?" झालं! त्यापुढे रकाना राहिला बाजूला, महादू राहिला बाजूला. माझ्यावरच चौकशी. मला पंधरा दिवस निलंबित करून घरी बसवलं. विक्रेत्याला फोन कोणी लावला नाही.

घरी बसल्याचं दुःख मला नव्हतं. पुढचं ऐका.

महादूला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवायला हवं होतं. बोईसरचे डॉक्टर रोज सांगत होते, इथे आमच्याकडे तेवढी सोय नाही. त्यासाठी कंपनीची मंजुरी लागत होती. आणि मंजुरी का मिळत नव्हती? कारण चौकशी अजून उघडी होती. साहेबांनी हंसाला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "तू चूक कबूल केलीस की चौकशी आज मिटते. आज मिटली तर त्याला उद्या मुंबईला नेता येईल. नाहीतर चालू दे महिनाभर. तुझ्यावर आहे."

हंसाने सही केली.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्या खोलीवर गेले आणि तिला वाटेल ते बोलले. मूर्ख आहेस, भित्री आहेस, आयुष्यभराचा डाग लावून घेतलास. ती स्टोव्हवर भात चढवत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी सकाळी निघाली ताई. जमनावयनी संगं गेली." आणि मला विचारलं, जेवणार का. मी रागाने निघून आले. कोणावर राग होता ते मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

सही झाली तशी तिला कामावरून काढलं. बोईसरला पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे ती शिकवायला लागली. पुढे कितीतरी पोरं तिच्या हाताखालून जाऊन नोकरीला लागली. लग्न केलं नाही. भावाची पोरं शिकवली. एडवणला आईबापाला पक्कं घर बांधून दिलं. आमच्या कंपनीत नवा प्रोग्राम आला तो वर्षभराने, साहेब बढतीवर मुंबईला गेल्यावर. नव्या मॅनेजरने शेऱ्याचा रकाना परत घातला. का घातला ते कोणी विचारलं नाही.

महादू मुंबईहून वाचून आला, पण कामाचा राहिला नाही. कुंभवलीच्या खोलीच्या दारात बसून असायचा. शिमग्याच्या आधी एकदा त्याचा निरोप आला, बायला घेऊन या. मी आणि हंसा गेलो.  इतके महिने ती त्याच्या दारात गेली नव्हती. त्याचे दिवस भरत आले होते, आता का बोलावलंय ते दोघींनाही कळत होतं.

जमना दारात होती. तिने हंसाकडे बघितलं आणि तोंड फिरवून आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. तिचं काय चुकलं? अख्ख्या कंपनीने तिला सांगितलं होतं की हंसाच्या हातून झालं, आणि हंसाने सही करून दिली होती. महादू भिंतीला टेकून बसला होता. एकेका शब्दाला थांबत होता.

"बाय," म्हणाला, "तू आली नाय. मी वाट बगत व्हतो. मला कललं, तुजी नोकरी गेली." मग बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. "मानसाच्या हातून चूक व्हते. सनाची गडबड व्हती. तू मनाला लावून घेऊ नको. मी तुला माफ केलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं. हंसाने माझं मनगट धरलं, असं आवळून धरलं की बांगडी पिचली. आणि ती खाली वाकली, महादूच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "व्हय दादा."

आतून जमना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि हंसासमोर ठेवला.

बाहेर पडल्यावर रिक्षाच्या नाक्यापर्यंत मी कसाबसा दम धरला. मग मात्र भर रस्त्यात ओरडले. का? तुझी चूक नसताना? त्या माणसाला खरं सांगायला काय जात होतं तुझं?

हंसा थांबली. "त्याला मरायच्या आगोदर कोनाला तरी माफ करायचं व्हतं ताई," म्हणाली. "त्याच्या दारात साहेब येनार व्हता का?"

महादू त्या शिमग्यानंतर गेला. जमना पुढे दोन वर्षं सणासुदीला हंसाच्या खोलीवर काहीतरी करून पाठवायची. पोरीच्या हातून चूक झाली पण मनाने चांगली आहे, असं शेजारणींना सांगायची. हंसाने तिला अजून काही सांगितलेलं नाही, आणि मलाही सांगू देत नाही. हंसाने तिच्या मनात कोणाकोणाला माफ केलंय ते तिचं तिला माहीत. मी कोणालाही केलेलं नाही.